मराठी ऐतिहासिक कादंबरी आणि समुद्राची भाषा

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांतील रायगड आणि खांदेरी हे दोन आपल्या जिल्ह्यातील आहेत. त्यानंतरच्या सत्रात पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांनी मला एक साधा प्रश्न विचारला: रायगडासंबंधी वाचण्यासाठी कादंबऱ्या पुष्कळ आहेत, परंतु खांदेरीसाठी कोणती वाचावी? प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची ऐतिहासिक कादंबरीशी ओळख चित्रपटाच्या वाटेने झाली होती. त्याच वर्षी 'छावा'वर आधारलेला हिंदी चित्रपट आला होता, आणि त्यामुळे कादंबरीच्या प्रती वर्गात हातोहात फिरत होत्या. त्यांच्या उत्साहाला शोभेल असे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. ते का देता आले नाही, याचा विचार करताना जे सुचले ते येथे मांडत आहे. माझा मूळ विषय भाषाविज्ञान हा आहे. तेव्हा कादंबरीकडे मी तिच्या भाषेच्या बाजूने पाहिले तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची समीक्षा बहुधा एकाच तराजूत होत आली आहे. त्याच्या एका पारड्यात सत्य असते आणि दुसऱ्यात कल्पित. कोणता प्रसंग कागदपत्रांत आहे, कोणता नाही, कोणत्या व्यक्तीवर लेखकाने अन्याय केला, यावर प्रबंधांची शेकडो पाने खर्ची पडली आहेत. ही चर्चा निरर्थक आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु तिच्यात एक प्रश्न जवळजवळ विचारलाच जात नाही: या कादंबऱ्यांतील माणसे ज्या भाषेत बोलतात ती भाषा कोठून आली, आणि त्या भाषेला काय काय सांगता येते?

रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ सालची. ती 'विविधज्ञानविस्तारा'त आली आणि मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. तिच्यातील गड कल्पित आहे, काळ मात्र शिवाजीमहाराजांचा आहे. म्हणजे आरंभीच आपल्या या वाङ्मयप्रकाराने गड हे आपले घर म्हणून निवडले. हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून 'उषःकाल' लिहिली (१८९५–९७), पुढे 'गड आला पण सिंह गेला', 'वज्राघात' या कादंबऱ्या आल्या, आणि गडाला वाडा, भुयार, वेशांतर, खलिता अशा साहित्याची जोड मिळाली. नाथमाधवांची 'स्वराज्य'मालिका, 'वीरधवल'सारखी निव्वळ अद्भुतरम्य कथा, आणि वि. वा. हडपांची 'कादंबरीमय पेशवाई' ही त्याच वाटेवरची पुढची मुक्कामाची ठिकाणे. त्यांच्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही; नाथमाधव आज वाचनालयाच्या कपाटातून खाली उतरत नाहीत, आणि उतरले तरी विद्यार्थ्याला ते कुतूहलापलीकडे नेतील असे वाटत नाही. 'उषःकाल' मात्र अजूनही आवर्जून वाचावी. हप्त्याहप्त्याने लिहिल्यामुळे तिला एक बोलका स्वभाव आला आहे. लेखक वाचकाचा हात धरून चालतो, मध्येच थांबतो, क्षमा मागतो. हा कथेकऱ्याचा सूर पुढच्या पिढ्यांनी टाकून दिला आणि त्याच्या जागी दरबारी गांभीर्य आणले. त्यात लाभ किती आणि हानी किती, हे पाहण्यासारखे आहे.

येथे एक उपकथा सांगावीशी वाटते. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ हे आपल्या जिल्ह्यातले, पोलादपूर तालुक्यातले. सिंहगडच्या १६७० सालच्या प्रसंगातील घोरपड आज प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. परंतु कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत ती नाही. तेथे कडा आहे आणि तो हातापायांनी चढणारी माणसे आहेत. घोरपड पोवाड्याने आणली. मला या घोरपडीविषयी तक्रार नाही. पोवाडा गाणाऱ्याला एक दृश्य, हाती धरता येईल अशी वस्तू हवी होती आणि ती त्याने आपल्या श्रोत्यांच्या परिचित रानातून उचलली. कल्पित असूनही ती त्या मातीतली आहे. कादंबरीकाराच्या कल्पिताला हीच कसोटी लावावी, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो. प्रसंग घडला की नाही हे इतिहासकार पाहील. तो त्या ठिकाणच्या माणसांच्या हातातला आणि तोंडातला वाटतो की नाही, हे आपण पाहायचे.

आता भाषेकडे वळू. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी' प्रसिद्ध झाली आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीचे दुसरे पर्व सुरू झाले. त्यानंतर ना. सं. इनामदारांच्या 'झेप' (१९६३), 'झुंज' (१९६६), 'मंत्रावेगळा' (१९६९) आणि 'राऊ' (१९७२), देसाईंचीच 'श्रीमान योगी' (१९६८), शिवाजी सावंतांची 'छावा' (१९७९), विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) अशी रांग लागली. या पर्वाने एक सर्वमान्य ऐतिहासिक बोलणे घडवले. वाक्ये आखूड, क्रियापदे आदरार्थी, मध्ये अर्थपूर्ण मौन, संबोधनांना विशेष भार, आणि भावनेच्या क्षणी संस्कृत शब्दांचा आधार. 'स्वामी'त हे बोलणे फार सुंदर वठले आहे, कारण तेथील जग खरोखरच शनिवारवाड्यातील दालनांचे, आजाराचे आणि दांपत्यप्रेमाचे आहे. हलक्या आवाजात बोलणारी माणसे तेथे शोभतात. 'श्रीमान योगी'त तेच बोलणे एका अवाढव्य पटावर ताणले गेले, आणि नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना कादंबरीइतकीच चर्चिली गेली यामागे हेही एक कारण असावे: जे प्रश्न कादंबरीच्या मृदू भाषेत मावत नव्हते ते प्रस्तावनेच्या रोखठोक गद्यात मावले. इनामदारांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या भाषेला पेशवे दफ्तराचा वास आहे. 'झुंज'मधील यशवंतराव होळकर छावणीत बोलतो तेव्हा फारसी शब्द त्याच्या बोलण्यात बेडीसारखे नव्हे, तर जुन्या जोड्यासारखे बसतात. माझ्या मते भाषेच्या दृष्टीने या पिढीतील सर्वांत विश्वासार्ह कादंबरीकार इनामदारच.

या सर्वमान्य ऐतिहासिक बोलण्यामागे एक समज दडलेली आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि म्हणून स्वराज्यातील माणसे संस्कृतप्रचुर बोलू लागली, अशी ती समज. कोश ही इच्छा असते. तिला वहिवाट समजू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी सतराव्या आणि अठराव्या शतकांतील पत्रांमधले शब्द मोजून फारसीचे प्रमाण उतरत गेल्याचे दाखवले हे खरे. परंतु मोजलेले कागद थोडे आणि तेही कचेरीचे. किनाऱ्यावर नाव हाकणारा माणूस काय बोलत होता, हे त्या मोजणीत येत नाही. शिवाय एक गोष्ट लक्षात घ्यावी. राज्यव्यवहारकोशाचे दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. दुर्गाला स्वतंत्र वर्ग आहे, पागेला आणि पायदळाला जागा आहे. आरमाराला स्वतंत्र वर्ग नाही. ज्या राजाने सिंधुदुर्ग बांधला आणि खांदेरी वसवली त्याच्या कोशाची ही स्थिती.

वर्ग करायचा म्हटला असता तर पंडितांपुढे अडचणच उभी राहिली असती. 'आरमार' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आला. 'बंदर' आणि 'दर्या' फारसी. 'नाखवा' हा फारसी नाखुदाचा वंशज, 'सारंग' हा सरहंगाचा. 'खलाशी' आणि 'सुकाणू' यांचे मूळ अरबीत. 'गुराब' म्हणजे अरबीत कावळा. कान्होजी आंग्र्यांची 'सरखेल' ही पदवी तर व्युत्पत्तीने घोडेस्वारांच्या तुकडीचा नायक, आणि ती भूषवली समुद्रावरच्या माणसाने. या शब्दांच्या शेजारी शीड, डोलकाठी, वल्हे, होडी, तारू ही मराठी मंडळी गुण्यागोविंदाने नांदतात. समुद्रावरची मराठी ही अशी सात बंदरांचे पाणी प्यालेली भाषा आहे. तिच्यातून परके शब्द वेचून काढू लागलो तर गलबत बंदरातून हलणारच नाही. ते हाकायला नाखवा उरत नाही आणि वळवायला सुकाणू उरत नाही.

मला वाटते, खांदेरीवर कादंबरी का नाही याचे उत्तर येथे आहे. दुसऱ्या पर्वातील कादंबरीकारांनी जी भाषा घडवली ती दरबारात, देवघरात आणि गडाच्या तटावर उत्तम चालते. ती होडीत बसली की मुकी होते. मग लेखक काय करतो? तो समुद्राचे वर्णन करतो. फेसाळणाऱ्या लाटा, क्षितिजावरचा सूर्य, गर्जना. हे सर्व किनाऱ्यावरून दिसणारे आहे. होडीतल्या माणसाला लाट फेसाळते की नाही याच्याशी कर्तव्य नसते. वारा कोणत्या बाजूचा, पाणी चढते की उतरते, तळ खडकाचा की चिखलाचा, याच्याशी असते.

गेल्या वर्षी वर्गात एका अलीकडच्या कादंबरीतील (नाव मुद्दाम देत नाही) आरमारी लढाईचे प्रकरण वाचून दाखवले जात होते. वर्णन जोरदार होते. गलबताची शिडे पाठीमागच्या वाऱ्याने टरारून फुगली होती, आणि त्याच वाक्यात घामाघूम झालेले वल्हेकरी वल्ही मारीत होते. किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातून येणारी विद्यार्थिनी सहसा बोलत नसे. ती म्हणाली, "सर, वारा एवढा मागून असताना हे लोक वल्ही कशाला मारतायत?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि नंतर मला माझ्या हसण्याची लाज वाटली. पंधरा वर्षे मी अशी प्रकरणे शिकवत होतो आणि मला तो प्रश्न कधी पडला नव्हता.

पाश्चात्त्य वाङ्मयात हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी उद्भवला होता. वॉल्टर स्कॉटची 'द पायरेट' ही कादंबरी निघाली तेव्हा तिच्यातील दर्यावर्दीपणाची वाहवा होऊ लागली. जेम्स फेनिमोर कूपर हा स्वतः नौदलात नोकरी केलेला माणूस. लेखकाला जहाजाविषयी वरवरचीच माहिती आहे हे त्याच्या ध्यानात आले, आणि खरा खलाशी वाचील तर त्याला पटेल अशी कादंबरी लिहून दाखवण्यासाठी त्याने १८२४ साली 'द पायलट' लिहिली. इंग्रजीतील सागरी कादंबरीची परंपरा तेथून सुरू झाली असे मानतात. कूपरच्या कथानकात दोष पुष्कळ आहेत. परंतु त्याच्या जहाजावर दोर ओढला जातो तो काही कारणाने ओढला जातो. आपल्याकडे स्कॉट अनेक झाले. कूपर अजून व्हायचा आहे.

यावर असा आक्षेप येईल की कादंबरी म्हणजे नौकानयनाचे पाठ्यपुस्तक नव्हे, आणि वाचकाला न समजणारे शब्द घालून काय साधणार? गेओर्ग लुकाच याने ऐतिहासिक कादंबरीवरील आपल्या ग्रंथात जुन्या काळची भाषा हुबेहूब उतरवण्याच्या हौसेला विरोधच केला आहे, आणि तो योग्यच आहे. मीही पुरातन शब्दांची आरास मागत नाही. 'नांगर' म्हटले की देशावरच्या वाचकाला शेत आठवते आणि किनाऱ्यावरच्याला होडी. संदर्भ नीट दिला तर दोघांनाही अर्थ लागतो. समजण्याची अडचण शब्दाने होत नाही, त्या शब्दामागची क्रिया लेखकाला ठाऊक नसल्याने होते. एका प्रबंधात मी सभासदाच्या बखरीतील जहाजांच्या यादीचे विवेचन वाचले. गुराबा, गलबते, शिबाडे, पगार अशी ती यादी. अभ्यासकाने 'पगार' या शब्दावर थांबून आरमाराला वेतन किती नियमित मिळत असे यावर अर्धे पान लिहिले होते. पगार ही होडीची जात आहे. चूक त्या बिचाऱ्याची एकट्याची नव्हती. त्याच्या मार्गदर्शकाच्या आणि परीक्षकांच्याही नजरेतून ती सुटली होती, आणि त्या परीक्षकांत प्रस्तुत लेखकही होता.

मराठीला समुद्राविषयी लिहिताच येत नाही असेही नाही. 'आज्ञापत्रा'तील आरमाराचे प्रकरण पाहावे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील हे गद्य. लिहिणारा रामचंद्रपंत अमात्य हा कारभारी माणूस, खलाशी नव्हे; तरी गुराबा आणि गलबते यांचे प्रमाण काय असावे, जहाजे फार थोर नसावीत आणि फार लहानही का नसावीत, पावसाळ्यात ती कोठे आणि कशी ठेवावी, हे तो कारणांसह सांगतो. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षादोनवर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा भाग सर्वश्रुत आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते या प्रकरणाचे शब्दभांडार. त्यात फारसी, पोर्तुगीज आणि देशी शब्द कोणताही संकोच न करता एका वाक्यात येतात, आणि वाक्य कोठेही अडखळत नाही. ऐतिहासिक कादंबरी लिहू पाहणाऱ्याने हे एक प्रकरण पाठ करावे.

खांदेरीच्या कथेला तर सामग्रीची वाण मुळीच नाही. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस महाराजांनी या ओसाड बेटावर माणसे उतरवून तटबंदीस आरंभ केला. मुंबईच्या तोंडावरचे बेट, इंग्रज खडबडले. त्यांची जहाजे बेटाला वेढा देऊन उभी राहिली, तरी मराठ्यांच्या लहान होड्या नागावच्या खाडीतून रसद घेऊन रात्री निसटत राहिल्या. इंग्रजांची मोठी शिडाची जहाजे वारा पडला की जागच्या जागी अडकत; वल्ह्यांच्या होड्या उथळ पाण्यातून त्यांच्या डोळ्यांदेखत पुढे जात. १८ ऑक्टोबरच्या सकाळी मराठ्यांच्या गलबतांनी चाल केली, इंग्रजांचे 'डव्ह' पकडले, परंतु 'रिव्हेंज'ने एकटीने तोंड दिले आणि गलबते पुन्हा खाडीकडे परतली. पुढे इंग्रजांनी नाद सोडला; तर जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने शेजारच्या उंदेरीचा कब्जा घेऊन नवाच डाव मांडला. हे सारे मुंबईच्या वखारवाल्यांच्या त्रस्त पत्रांतून आपल्याला कळते. शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली पुण्याहून काढलेल्या इंग्रजी कागदांच्या संग्रहात ती पत्रे आहेत. मायनाक भंडारी, दौलतखान, दोन बेटे, तीन सत्ता, वारा आणि ओहोटी. यापेक्षा कादंबरीकाराला आणखी काय हवे? परंतु हा विजय घोड्यावर बसून मिळवता येत नाही. त्यात समशेरीपेक्षा वल्ह्याला काम जास्त आहे, आणि आपल्या कादंबरीच्या भाषेत वल्ह्याचे वीररस अजून झालेले नाही.

कान्होजी आंग्र्यांविषयी जे वाचनीय पुस्तक आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती सहज पडते ते मुळात इंग्रजीतले आहे. मनोहर माळगावकरांनी १९५९ साली लिहिलेल्या चरित्राचा अनुवाद पु. ल. देशपांड्यांनी केला. अलिबागहून दा. गो. ढबूंनी १९३९ साली काढलेला 'कुलाबकर आंग्रे सरखेल' हा इतिहास अभ्यासकांसाठी आधारभूत. परंतु कथेची ओढ माळगावकरांपाशी आहे. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन आरमारी सत्ता एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आल्या आणि हात हलवीत परतल्या, ही हकीकत त्यांच्याइतकी रंगवून मराठीत मूळ कोणी सांगितलेली मला तरी ठाऊक नाही. चरित्राने कादंबरीची भूक भागवावी ही अवस्था कादंबरीला भूषणावह नाही.

गो. नी. दांडेकरांचा अपवाद येथे नोंदवला पाहिजे. शिवकालावरील त्यांच्या पाच कादंबऱ्यांत 'दर्याभवानी' समुद्राकडे वळते, आणि त्यासाठी मी ती विद्यार्थ्यांना सुचवतो. दांडेकरांनी गड पायांनी पाहिले होते. त्यांच्या वाक्याला चढाचा दम आणि उताराचा वेग असतो. पण खरे सांगायचे तर ही वाणी चालणाऱ्या माणसाची आहे. समुद्रापाशी ती भक्तिभावाने उभी राहते. त्यांचे भाषिक सामर्थ्य पाहायचे असेल तर मी दुसरे पुस्तक हाती देतो, जे ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या यादीत कोणी घालणार नाही: 'जैत रे जैत'. कर्नाळ्याचा सुळका, त्याला लटकलेली मधमाश्यांची पोळी, आपला काही अपराध नसताना राणी माशीने डंख का करावा या प्रश्नाने पेटलेला नाग्या आणि त्याच्या सोबतीला चिंधी. याला साहसकथा म्हणा की दैवतकथा. प्राचीन वीरकथेचे सगळे अवयव त्यात आहेत. संवादांतील ठाकरी बोली हा त्या कथेवर चढवलेला अलंकार नाही. नाग्याचा देवाशी चाललेला वाद प्रमाण मराठीत लिहून पाहावा: त्याचे तत्त्वज्ञान होईल आणि नाग्या नाहीसा होईल. पनवेलजवळच्या एका डोंगरासाठी जे झाले ते थळच्या खाडीसाठी होऊ शकले नाही याचे मला वाईट वाटते.

या किनाऱ्याच्या इतर आवाजांविषयी थोडक्यात सांगतो. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात कोकणच्या आगरी, कोळी, ठाकरी आदी बोलींचे नमुने आहेत. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजजन्य मिश्रभाषा आजही बोलली जाते. पोर्तुगीजांनी तो किल्ला १७४० मध्ये सोडला, भाषा मागे राहिली. क्लेमेंट्स यांनी १९९६ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. जंजिऱ्यात दखनी, चौलच्या पेठेत न जाणे किती भाषा, बेने इस्रायलांची आपली मराठी. आणि आपल्या कादंबऱ्यांत? तेथे दोनच भाषा: आपल्या पक्षाची शुद्ध आणि शत्रूची मोडकी. छत्रपती संभाजींवर लिहिणाऱ्याला जंजिऱ्याची मोहीम टाळता येत नाही. परंतु सिद्दीच्या गलबतावरचा खलाशी आणि मराठ्यांच्या गलबतावरचा खलाशी एकाच खाडीतून आलेले असतील, दोघांचा तांडेल एकाच शब्दात शिवी देत असेल, ही शक्यता लेखकांना सुचत नाही. स्कॉटच्या कादंबऱ्यांतही नायक शिष्ट इंग्रजीत बोलतात आणि गावकरी स्कॉट बोलीत. पण त्याचे बोलीत बोलणारे लोक मूर्ख नसतात, कित्येकदा नायकापेक्षा शहाणे असतात.

आख्यायिकांचे शेवटी पाहू. रायगडावरची हिरकणी कोणत्याही समकालीन कागदात सापडत नाही, आणि तरीही तिचा बुरूज प्रत्येक जण बोटाने दाखवतो. तिच्या कथेचे सौंदर्य दूध, पान्हा आणि बंद झालेले दरवाजे या तीन गोष्टींत आहे. लेखकांनी तिला देशभक्तीची भाषणे दिली तेव्हा ती बिघडली. किनाऱ्यावरची तशीच कथा लाय पाटलाची. मोरोपंतांच्या जंजिऱ्यावरील स्वारीत, सुमारे १६७६ साली, या कोळी पाटलाने रात्री होड्या तटाखाली नेऊन शिड्या बांधल्या. वर चढणारे धारकरी वेळेवर पोचले नाहीत. उजाडण्याच्या सुमारास शिड्या सोडवून तो परतला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. तो म्हणाला, मी दर्यात फिरणारा, मला पालखी काय कामाची? तेव्हा त्याला गलबत बांधून देण्यात आले आणि त्याचे नाव 'पालखी' ठेवले, असे सांगतात.

जिने वल्ह्यांचा प्रश्न विचारला होता तिला मी ही कथा घरी विचारून लिहून आणायला सांगितले. लोकप्रिय पुस्तकांत ती रात्र अमावास्येची काळीकुट्ट असते, आणि पहाट होते म्हणून पाटील परततो. तिच्या आजांच्या सांगण्यातही अवस होती, परंतु काळोखाचा उल्लेख ओझरता. त्यांचा भर पाण्यावर होता. भांगाच्या दिवसांत पाणी तटाला पुरेसे चढत नाही, म्हणून अवसेचे उधाण पाहिजे; अवसेला भरती मध्यरात्रीच्या सुमारास पुरी होते; तेव्हाच होडीतून उभारलेली शिडी वर पोचते. धारकऱ्यांनी उशीर केला तो घटकांचा नव्हता, एका भरतीचा होता. पहाटेपर्यंत पाणी ओसरून तटाखालचे खडक उघडे पडू लागले, होड्या घासू लागल्या, शिड्यांची टोके खाली आली. पाटील शिड्या घेऊन निघाला तो उजाडले म्हणून नव्हे, तर होडीखालचे पाणी निघून गेले असते म्हणून. तिने हे दोन पानांत लिहून आणले आहे. काही शब्दांपुढे तिने प्रमाण मराठीतले प्रतिशब्द कंसात घातले होते; ते मी खोडून टाकायला सांगितले.